महालातून मनीषनगरला येणारं पिल्लू

प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सातव्या महिन्यातली जाऊ दर रविवारी येऊन राहते. मामेसासऱ्यांच्या महाल भागातल्या वाड्यात मांजर व्यायली, पिल्लं आता चार आठवड्यांची आहेत. त्यातलं पांढरं-काळं-नारिंगी पिल्लू मुलीनं निवडलं आणि त्याचं नाव 'शेरू' ठेवलं. येत्या रविवारी ते आणायचं आहे. याआधी घरात मांजर कधीच नव्हती. तयारी काय करू, खायला काय घालू, जावेला काही धोका आहे का?

ताई, आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. पहिली, शेरू बोका नाही, मांजरी आहे. नारिंगी आणि काळा रंग एकाच अंगावर आला की ती मादीच, असं डोळे मिटून म्हणावं. नारिंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. दोन्ही रंग दिसायला दोन एक्स लागतात, आणि ते मादीकडेच असतात. अपवाद इतके विरळ की 22 वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्या टेबलावर एकही आला नाही. नाव बदला म्हणत नाही, माझ्याकडे 'राजू' नावाची एक मांजरी दरवर्षी लसीला येते.

दुसरी गोष्ट मुलीला आवडणार नाही. येत्या रविवारी पिल्लू आणू नका. चार आठवड्यांचं पिल्लू दिसायला गोड, पण अजून ते अंगावर पितं आणि आपला घास स्वतः नीट खात नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं मोठेपणी माणसांच्या घोट्यांवर झडप घालतात आणि मग घरचे म्हणतात, 'डॉक्टर, हे चावरं निघालं.' आठ आठवडे ही किमान मर्यादा धरा, दहा झाले तर उत्तम. म्हणजे जूनचा पहिला-दुसरा आठवडा. आपल्याकडे विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे मुलीची सुट्टी तेव्हाही शिल्लक असेल.

तोवर तिला रोज वाड्यावर पाठवा. मांजरीच्या पिल्लाला माणसाची सवय लागते ती दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. या काळात ज्याला माणसांनी रोज अर्धा-पाऊण तास हळुवार हाताळलं, ते पुढे मांडीवर येऊन बसतं. ज्याला कोणी हात लावला नाही, ते दिवाणाखालीच आयुष्य काढतं. म्हणजे तुमची मुलगी हा महिना वाट बघण्यात घालवत नाहीये, मांजर घडवते आहे. असं सांगितलं तर ती ऐकेल.

आणखी एक सुचवतो, घाबरू नका. त्याच वेतातला एखादा भाऊ सोबत आणा. एकटं पिल्लू रात्री दोन वाजता तुमच्या पायांशी खेळतं, दोघं असली की एकमेकांशी खेळतात. खर्च दुप्पट होतो हे खरं, पण वैताग निम्म्यावर येतो. सासूबाई नको म्हणाल्या तर राहू द्या, घरात भांडण लावायला मी उत्तर लिहीत नाहीये.

आता घर. नागपूरच्या घरात मांजरीसाठी सगळ्यात मोठा धोका कोणता, असं विचारलं तर मी कूलर म्हणेन. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या दोन्ही बाजूंना जी फट राहते, ती आपण थर्माकोल किंवा पुठ्ठा खोचून बुजवतो. पिल्लू ते नखांनी दोन दिवसांत उकरतं, आणि बाहेर तिसरा मजला. तिथे प्लायवूड स्क्रूने बसवा. पावसाळा लागला की कूलर निघतो आणि खिडकी उघडी पडते, तेव्हाही हे आठवलं पाहिजे. टाकीचं झाकण घट्ट बसतं का बघा. त्यात पिल्लू पडतं, शिवाय डासांसाठी आपण त्या पाण्यात औषध किंवा रॉकेल टाकतो आणि मांजर नेमकं तेच पाणी प्यायला जाते. गॅलरीला कबुतरांची नायलॉन जाळी असेल तर ती कडांना पक्की हवी, सैल जाळीतून डोकं सहज निघतं. 'मांजर कुठूनही पडली तरी पायावरच उतरते' या भरवशावर राहू नका. पायावर उतरलेल्या मांजरीचा जबडा आणि छाती फुटलेली मी दर उन्हाळ्यात बघतो. रात्री हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवतात, मांजर कठड्यावर झोपते आणि झोपेत कूस बदलते.

मग येतो आपला स्वच्छतेचा हट्ट. काही रसायनं शरीराबाहेर टाकायची यंत्रणा मांजरीच्या यकृतात फारच अपुरी असते. माणसाला किंवा कुत्र्याला जे पचतं, ते तिला विष होतं. फिनाइल त्यातलंच. फरशी फिनाइलने पुसली, मांजर त्यावरून चालली, मग पंजे चाटले, एवढं पुरतं. मांजर आल्यावर फरशीला साधा साबण वापरा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, देवघरातला कापूर, सुगंधी तेलांचे दिवे, हे तिच्या वाटेत नको. आणि हे वाक्य फ्रिजवर लिहून लावा: मांजरीला पॅरासिटामॉल द्यायची नाही, चतकोर गोळीही नाही. ताप वाटला म्हणून प्रेमाने अर्धी गोळी दिलेली मांजर दवाखान्यात येते तेव्हा तिचं तोंड सुजलेलं आणि हिरड्या तपकिरी झालेल्या असतात, कारण रक्त प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचं उरलेलं नसतं. तसंच पिसवांचं. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या मानेवरच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजरीला झटके येतात. दुकानदार 'थोडंसं लावा, काही होत नाही' म्हणाला तरी लावू नका.

सासूबाई गजरा माळत असतील, देवाला हार घालत असतील, तर फुलं सुकली की दोऱ्यासकट झाकणाच्या डब्यात टाका. मांजरीच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही. तो गिळला जातो, एक टोक जिभेखाली अडकतं आणि आतडं त्या दोऱ्यावर चुणीसारखं गोळा होऊन कापलं जातं. संक्रांतीच्या आसपास आपल्या शहरात गच्चीगच्चीवर नायलॉन मांजा लोंबत असतो आणि जानेवारीत मी हेच ऑपरेशन करत असतो. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून बाहेर दिसलं, तर ओढायचं नाही. तसंच्या तसं दवाखान्यात आणायचं. लग्नाच्या पुष्पगुच्छात लिलीची फुलं आली, तर तो गुच्छ शेजारी देऊन टाका. लिलीचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजरीची किडनी बसते.

विकत काय आणायचं, ते फार थोडं आहे. शी-लघवीसाठी पिल्लाला चढता येईल असं उथळ प्लॅस्टिकचं घमेलं चालतं. मोठेपणी तिच्या लांबीच्या दीडपट ट्रे घ्या. एका मांजरीला दोन ट्रे, दोघांना तीन, आणि सगळे एकाच कोपऱ्यात नकोत. त्यात सुरुवातीला वाड्यात जे वापरतात तेच घाला. चाळलेली रेती असेल तर रेती. गोळे धरणारं विकतचं लिटर तीन-साडेतीन महिन्यांनंतर आणा, लहान पिल्लं ते खाऊन बघतात. नखं घासायला बाजारातला महागडा खांब नको. जुन्या स्टुलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळा, किंवा काथ्याचं पायपुसणं भिंतीला ठोका. पण ते सोफ्याशेजारी ठोका, स्टोअररूममध्ये नाही. तिला नखं चारचौघांत घासायची असतात. नेण्या-आणण्याचा पिंजरा मात्र चांगला घ्या, वरून उघडणारा. तो आजपासून हॉलमध्ये उघडा पडू द्या, आत जुनी गोधडी घालून. फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून निघणारा पिंजरा पाहिला की मांजर कपाटामागे जाते. स्कूटीवर पिशवीत घालून आणलेली मांजर वर्धा रोडवर उडी मारून गेल्याची गोष्ट मी एकदा नाही, तीनदा ऐकली आहे.

पहिल्या दिवशी तिला सगळं घर दाखवू नका. एक खोली द्या, तिथे ट्रे एका टोकाला, पाणी आणि खाणं दुसऱ्या टोकाला, एक आडवं खोकं, आणि वाड्यातून आणलेलं आईच्या वासाचं फडकं. ती दिवाणाखाली जाईल, तिला ओढून बाहेर काढायचं नाही. मुलीला तिथेच जमिनीवर बसून पुस्तक वाचू द्या, मोठ्याने. दोन-तीन दिवसांत शेरू स्वतःहून येईल. पण चोवीस तासांत काहीच खाल्लं नाही तर फोन करा, लहान पिल्लाला उपास सोसत नाही.

खाण्याबद्दल सगळ्यांचा पहिला प्रश्न दूध. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरींना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, जुलाब लागतात. वाड्यातली मांजर दूध पिते आणि तिला काही होत नाही, असं मामेसासरे म्हणतील. ती उंदीरही खाते, तिचं पोषण त्या उंदरात आहे. दूध-पोळीवर वाढलेल्या घरातल्या मांजरीचं तसं नाही. मांजर पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा घटक तिच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच यावा लागतो. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा जातो आणि हृदय फुगतं. हृदयाचं हे कारण अमेरिकेतल्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवलं आणि त्यानंतर तयार खाद्यात टॉरिन वाढवलं गेलं. म्हणून पहिलं वर्ष पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाद्य हाच पाया ठेवा. कुत्र्याचं खाद्य चालणार नाही. सोबत उकडलेलं चिकन द्या, पण मीठ-मसाला न घालता, आणि ज्या पाण्यात उकडलं ते फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. नुसत्या चिकनवर मात्र ठेवू नका. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, महिना-दोन महिन्यांत पिल्लाची हाडं वाकतात. सावजी रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी चालणार नाही. कांदा-लसणाने तिच्या तांबड्या पेशी फुटतात आणि तो रस तुकड्यात मुरलेला असतो. घर शाकाहारी असेल तर तयार खाद्याचा डबा गॅलरीत ठेवा, पण मांजरीला शाकाहारी करू नका. एवढं सासूबाईंशी आधीच बोलून घ्या.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. मांजर मुळात वाळवंटी प्रदेशातली, तहान कमी लागणारी. तिच्या पूर्वजांना पाणी भक्ष्यातून मिळायचं. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्यात पाऊणशे-ऐंशी टक्के. मे महिन्यात पारा 45 च्या वर, घरात कोरडं खाद्य, कोपऱ्यात एकच वाटी, आणि मांजर दिवसभर झोपलेली. तिची लघवी घट्ट होते, त्यात खडे धरतात. मांजरीत हे निभावतं, बोक्यात निभावत नाही, कारण त्याची मूत्रनळी टोकाशी फार अरुंद असते.

माझ्या प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष होतं. मे महिन्यातली रात्र, साडेनऊ वाजता फोन आला. 'डॉक्टर, बोका सारखा रेतीत जाऊन बसून राहिला, शी नाही होऊन राहिली त्याला.' मी दिवसभर उन्हात फिरून आलो होतो. बद्धकोष्ठ असेल म्हणालो, थोडं तूप चाटवा, सकाळी आणा. सकाळी आणला तेव्हा मूत्राशय पोटातून हाताला लागत होतं, संत्र्याएवढं आणि तितकंच टणक. लघवी बंद झाली की पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय थांबतं. मी नळी घालायच्या तयारीतच होतो, तेवढ्यात तो गेला. शी की लघवी, हा एक प्रश्न मी फोनवर विचारला नव्हता. ते कुटुंब पुन्हा माझ्याकडे आलं नाही आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

तेव्हापासून नव्या मांजरवाल्यांना मी लसीच्या आधी ट्रे शिकवतो. मांजर आजार लपवते, कण्हत नाही, लंगडत नाही, फक्त जरा जास्त झोपते. ती जे सांगते ते ट्रेमध्ये सांगते. रोज सकाळी ट्रे साफ करताना लघवीचे गोळे मोजा. मोठ्या मांजरीचे साधारण दोन ते चार होतात. नेहमीपेक्षा कमी, फार लहान, गुलाबी, किंवा ट्रेमध्ये बसून जोर लावते आणि काहीच येत नाही, यातलं काही दिसलं आणि तो बोका असला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. नेहमीपेक्षा मोठे आणि जास्त गोळे दिसू लागले, तर किडनी किंवा साखर तपासायची. मोठी मांजर दोन दिवस जेवली नाही तर 'रुसली' म्हणू नका. जाड मांजरीच्या यकृतात तेवढ्यात चरबी भरायला लागते.

पाण्यासाठी उपाय साधा आहे. घरात तीन-चार ठिकाणी पाणी ठेवा, खाण्याच्या वाटीपासून दूर. मातीची परळ सगळ्यात चांगली, माठासारखं पाणी गार राहतं. रुंद हवी, मिशा कडेला घासलेल्या काही मांजरींना आवडत नाही. दिवसातून एक वेळ तरी ओलं खाणं द्या, त्यात दोन चमचे पाणी अजून मिसळा. साडेतीन किलोच्या मांजरीला खाण्यातलं धरून दिवसाला पावणेदोनशे मिली पाणी लागतं.

उन्हाचं एकच लक्षात ठेवा, मांजर कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकू लागली तर ती दमलेली नाही, तिला ऊन लागलं आहे. साध्या पाण्याने पंजे, पोट, कान ओले करा, पंख्याखाली ठेवा, बर्फ लावू नका, आणि निघा. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरींचे हाल बघवत नाहीत. वाड्यातली देशी मांजर निवडली, हे तुमच्या मुलीचं शहाणपण म्हणायचं.

लसी: जूनमध्ये आणलं की त्याच आठवड्यात तिहेरी लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढे वर्षाने पुन्हा. जंताचं औषध वाड्यातच सुरू करता येईल, वजन मोजून. 'घराबाहेर जात नाही, लस कशाला' असं विचारू नका. मांजरीचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया, तुमच्या चपलेवरून घरात येतो आणि फरशीत महिनोन्महिने टिकतो. पिल्लू त्यातून क्वचितच वाचतं. मुलीला बोचकारलं किंवा चावलं तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, आणि त्याच दिवशी तुमचे डॉक्टर किंवा मेडिकल-मेयो ही सरकारी रुग्णालयं. हळद, चुना काही लावायचं नाही. मांजरीचा रात्रीचा दवाखानाही आजच शोधून ठेवा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना एकदा पाहून या, वेळा विचारून घ्या.

जावेबद्दल. भीती टॉक्सोप्लाझ्माची असते, केसांची नाही. हा परजीवी मांजरीच्या शीतून बाहेर पडतो, तोही बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक-दोन आठवडे. बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ झाला तर साखळी तिथेच तुटते. जावेने ट्रेला हात लावू नये, बागेतली माती हातमोज्यांशिवाय उकरू नये, पालेभाजी-सांबार (कोथिंबीर) नीट धुवावं, मटण पूर्ण शिजवावं. बायकांना हा संसर्ग मांजरीला कुरवाळण्यापेक्षा कच्च्या मांसातून आणि मातीतून जास्त होतो. शेरूला कच्चं मांस न घालण्याचं हेही एक कारण. तरी शंका असेल तर त्यांच्या डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या, आणि रविवारी त्यांना निवांत येऊ द्या.

नसबंदी चार-पाच महिन्यांची झाली की, म्हणजे गणपतीच्या आसपास. 'एक वेत होऊ द्या, मग करा' हा सल्ला सगळे देतील, त्याला आधार नाही. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर स्तनाच्या कॅन्सरची शक्यताच पुष्कळ कमी होते. भाऊ आणलात तर त्याचंही करा, नाहीतर तो पडद्यांवर फवारे मारेल आणि तो वास धुऊन जात नाही.

तर या रविवारी वाड्यावर जाच, पण पिंजरा न घेता. स्वयंपाकघरातला वजनकाटा न्या. शेरूला वाडग्यात बसवून वजन करा, चारशे ग्रॅमच्या आसपास भरेल. कॅलेंडरवर लिहा. आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढलं पाहिजे, दोन दिवस काटा हलला नाही तर मला कळवा. आणि तिथे गेलाच आहात तर मामेसासऱ्यांशी त्या आईच्या ऑपरेशनचंही बोला. मांजर पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा माजावर येते आणि नऊ आठवड्यांत विते. जुलैअखेर वाड्यात पुन्हा पाच पिल्लं असतील, आणि तुमच्या मुलीकडे पाच नावं.